पॅट्रिक गेडिस : घरं न पाडता वस्ती सुधारणारा माणूस

स्मरणिकेसाठी पर्यावरणावर काहीतरी लिहा, दोन-तीन पानं, असं आपल्या सेक्रेटरींनी मला गणपतीतच सांगून ठेवलं होतं. मी अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे पर्यावरण म्हटलं की सोसायटीत सगळ्यांचं बोट माझ्याकडे जातं. झाडं लावा, ओला कचरा वेगळा ठेवा, हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की आता ते कोणी वाचत नाही. म्हणून यंदा एका माणसाची गोष्ट सांगते. माणूस स्कॉटलंडचा. जाऊन नव्वदच्या वर वर्षं झाली. पण आपल्या सोसायटीत सध्या जिन्यात, गच्चीवर आणि व्हॉट्सॲपवर जो एकच विषय चालू आहे, त्याच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

त्याचं नाव पॅट्रिक गेडिस. आमच्या सूनबाई कलिना कँपसमधून समाजशास्त्रात एम.ए. झाल्या. त्यांच्या नोट्स आवरताना पहिल्याच पानावर हे नाव दिसलं. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक हे. आणि खाली लिहिलेलं की मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ! मग मला राहवेना. सुनेच्या परीक्षेपेक्षा माझाच अभ्यास जास्त झाला.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, बॅलटर नावाच्या गावातला. वडील सैन्यात होते. पर्थ शहराबाहेर टेकडीवर त्यांचं छोटं घर आणि मोठी बाग होती, आणि पोराला बागकाम वडिलांनीच शिकवलं. पुढे मुलाने स्थिर नोकरी करावी म्हणून त्याला काही काळ बँकेतही बसवलं (आपल्याकडेही तेच केलं असतं), पण तो रमला नाही. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडलं. वाळलेल्या नमुन्यांची चिरफाड त्याला नको होती, जिवंत झाड बघायचं होतं. मग लंडनला जाऊन हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. पदवी मात्र शेवटपर्यंत घेतली नाही. पदवी नसलेला माणूस पुढे दोन विद्यापीठांत प्राध्यापक झाला, हे आमच्या स्टाफरूममध्ये कोणी मानलं नसतं.

१८७९ साली तो नमुने गोळा करायला मेक्सिकोला गेला आणि तिथे डोळे गेले. कायमचे नाहीत, पण कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना पट्टी बांधून पडून राहावं लागलं. दृष्टी परत आली तरी सूक्ष्मदर्शकाचं काम पूर्वीसारखं जमण्यातलं राहिलं नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवसांत मी घरच्यांना हैराण केलं होतं. हा माणूस त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपत विचारांची मांडणी करत होता. पुढे आयुष्यभर तो कागदाच्या घड्या घालून त्यांच्या चौकोनांत विचार मांडायचा, त्याची सुरुवात इथे झाली म्हणतात. सूक्ष्मदर्शक मागे पडला आणि त्याची नजर हळूहळू पेशींवरून माणसांच्या वस्तीकडे वळली.

१८८६ साली त्यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. ॲना लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, संगीत जाणणाऱ्या. लग्नानंतर हे जोडपं कुठे राहायला गेलं, तर एडिंबराच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्टमध्ये.

हे जुनं शहर म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. किल्ल्यापासून उतरणारा एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद बोळ आणि बोळांत सहा-सात मजली दगडी घरं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून समोरच्या बाजूला रुंद सरळ रस्त्यांचं नवं शहर उभं राहिलं तशी पैसेवाली मंडळी तिकडे निघून गेली, आणि जुन्या घरांत खोलीखोलीत एकेक कुटुंब कोंबलं गेलं. नळ नाही, उजेड नाही, घाण जिन्यातच. आपल्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आणा, फक्त थंडी जास्त. नगरपालिकेचं त्यावरचं उत्तर जगभर असतं तेच होतं : पाडा आणि रुंद रस्ते काढा. पाडलेल्या घरांतली माणसं कुठे जातात? शेजारच्या बोळात, आधीच भरलेल्या खोल्यांत.

गेडिस पतिपत्नींनी काय केलं, तर तिथेच बिऱ्हाड थाटलं. थोरली मुलगी नोरा तेव्हा तान्ही होती. नवरा-बायकोने शेजाऱ्यांना घेऊन जिने घासले, भिंतींना सफेदी केली, खिडक्यांत फुलांच्या पेट्या लावल्या. एक प्राध्यापक बाही सरसावून चुना लावतोय म्हटल्यावर शेजारी आधी हसले असतील, मग तेही आले. दोन घरांच्या मध्ये कोसळायला आलेली एखादी पडवी काढून टाकायची, म्हणजे पाच घरांना उजेड मिळतो. पडीक जागेतला राडारोडा उचलून तिथे झाड लावायचं. भिंत चांगली असेल तर तिला हात लावायचा नाही. पुढे त्यांनी या पद्धतीला नाव दिलं, त्याचा अर्थ सांगायचा तर जतन करणारी शस्त्रक्रिया. सर्जन रोग्याचा सडलेला भाग तेवढा काढतो, रोगी फेकून देत नाही.

मग तो नादच लागला. १८८७ साली त्यांनी जुन्या घरांत विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं, रेक्टर नसलेलं, मुलांनीच चालवायचं. रिडल्स कोर्ट नावाचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा एका श्रीमंत व्यापाऱ्याचा वाडा पडायला टेकला होता, तो दुरुस्त करून त्यातही विद्यार्थी ठेवले. तो वाडा आजही उभा आहे. २०१७ साली पुन्हा एकदा दुरुस्त होऊन खुला झाला आणि त्यात आता गेडिस यांच्याच नावाचं केंद्र आहे. किल्ल्याजवळ ॲलन रॅम्से या कवीचं जुनं घर होतं, ते न पाडता त्याला जोडून रॅम्से गार्डन ही इमारत बांधली आणि स्वतःही तिथे राहायला गेले. आणि १८९२ मध्ये एक जुनी वेधशाळा घेतली. तिच्या माथ्यावर आरसा आणि भिंग बसवलेलं होतं, त्यातून खालच्या रस्त्याचं हलतं चित्र अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या टेबलावर पडायचं. गेडिस पाहुण्यांना धापा टाकायला लावत आधी सगळे जिने चढवायचे, वरून पूर्ण शहर दाखवायचे, मग एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप, जग असं समजावत आणायचे. आउटलुक टॉवर म्हणून ती इमारत प्रसिद्ध झाली.

हे सगळं कोणाच्या पैशाने? बरंचसं कर्जाने. डंडीच्या कॉलेजात ते १८८८ पासून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, वर्षात एकच सत्र शिकवायचं, बाकीचे महिने मोकळे. नोकरी सोयीची, पण पगार किती असणार. हिशेब ॲनाबाईंच्या डोक्यावर. शेवटी १८९६ मध्ये मित्रांनी टाऊन अँड गाऊन असोसिएशन नावाची कंपनी काढून त्या मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि यांना वाचवलं. आपल्या आजी-माजी खजिनदारांनी हा परिच्छेद जपून ठेवावा.

इथे थोडं थांबून सांगते की मी हे पर्यावरणाच्या लेखात का आणलंय. गेडिस यांनी कार्बन हा शब्द आजच्या अर्थाने कधी वापरला नाही. पण वनस्पतिशास्त्राचा माणूस असल्याने त्यांना हे पक्कं ठाऊक होतं की शेवटी सगळी कमाई हिरव्या पानाची आहे, बाकी आपण खर्च करणारे. १८८४ च्या सुमारास त्यांनी अर्थशास्त्रावर लेखन केलं, तेसुद्धा पैशाच्या नव्हे तर ऊर्जेच्या आणि मालाच्या हिशेबाने. एखादी वस्तू बनताना किती कोळसा जळला आणि किती वाया गेला, हा त्यांचा प्रश्न होता. आज इमारतींच्या बाबतीत जगभर हाच प्रश्न विचारला जातोय.

साधी गोष्ट आहे. वीट भट्टीत भाजली जाते. सिमेंटसाठी चुनखडी साधारण १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि तापताना खुद्द त्या चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो भाग सुटत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. आपल्या तीन विंग उभ्या राहिल्या तेव्हा, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी, तो धूर निघून गेला. तो काही परत भट्टीत भरता येत नाही. इमारत पाडली की तो खर्च पाण्यात, आणि नवीन बांधताना पुन्हा तेवढाच, मजले वाढले तर त्याहून जास्त. नव्या इमारतीत वीज कमी लागते, हे खरं आहे. पण २०१२ साली अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं निघालं की कमी वीज खाणाऱ्या नव्या इमारतीला फक्त बांधकामामुळे झालेलं नुकसान भरून काढायला दहापासून ऐंशी वर्षं लागतात. ऐंशी वर्षं! आपल्याकडे तर पंचविसाव्या वर्षीच बिल्डर दारात.

त्याच अभ्यासात एक उलटी गोष्टही आहे, ती लपवायला नको. जुनी गोदामं फोडून त्यांचे फ्लॅट केले, त्यात इतका नवा माल घातला गेला की फायदा काही उरला नाही. म्हणजे जुनं ठेवलं एवढ्याने भागत नाही, त्यात किती ओतलं हेही मोजावं लागतं. दर दोन दिवाळ्यांनी धड असलेल्या टाइल्स उखडणाऱ्यांनी (त्यात मीही आले, ओट्याचा ग्रॅनाइट दोनदा बदललाय) हे वाचावं.

तर गेडिस. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते साठाव्या वर्षी भारतात आले. शहरांविषयीचं त्यांचं प्रदर्शन, नकाशे, चित्रं, वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं, क्लॅन ग्रँट नावाच्या दुसऱ्या बोटीने येत होतं. महायुद्ध सुरू झालेलं. जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेने ती बोट बुडवली. सगळं समुद्रात. माणूस खचला असता. यांनी मायदेशी मित्रांना कळवलं, त्यांनी मिळेल ते जमवून पाठवलं, आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन उघडलंसुद्धा.

त्यानंतर दहा वर्षांत त्यांनी भारतातल्या पन्नासच्या आसपास शहरांवर अहवाल लिहिले. पद्धत तीच. उन्हातान्हात गल्लीगल्लीतून पायी फिरायचं. तंजावरची गोष्ट मला सगळ्यात आवडते, आपल्या भोसल्यांचं तंजावर. तिथल्या दाट वस्तीच्या एका तुकड्यातून इंजिनिअरांनी सरळ रस्ते आखले होते, कितीतरी घरं पाडून, अंदाजे तीस हजार रुपयांत. गेडिस यांनी त्याच गल्ल्या फिरून पर्याय दिला : अगदी मोडकळीला आलेली तेवढी घरं काढा, कोपरे थोडे मोकळे करा, मिळालेल्या चौकात झाड आणि विहीर नीट करा. खर्च पाच हजार. तळ्यांच्या बाबतीतही तसंच. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवायची लाट आली होती. यांचं म्हणणं, बुजवू नका, त्यात मासे आणि बदकं सोडा, डासांच्या अळ्या ते खातील. आपण ठाण्यात राहतो. इथली तळी किती होती आणि किती राहिली, ते आपल्यातल्या जुन्या ठाणेकरांना विचारा.

मग होळकरांचं इंदूर. तिथे प्लेग होता आणि गेडिस गल्ल्यांतून फिरू लागले की लोक घाबरायचे, कारण नकाशा घेतलेला साहेब म्हणजे घर पाडणार हे सगळ्यांना माहीत. त्यांनी महाराजांकडे एक विनंती केली, एका दिवसापुरतं शहर माझ्या हाती द्या. दिवाळी जवळ होती. दवंडी पिटली की यंदा मिरवणुकीचा रस्ता नेहमीचा नाही, जो मोहल्ला सगळ्यात स्वच्छ त्याच्यातून मिरवणूक जाणार. कचरा फुकट उचलून नेऊ. झालं, गाव कामाला लागलं. घरं झाडली, रंगवली, कचऱ्याच्या हजारो गाड्या बाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती, घोडे, लक्ष्मीचा रथ, घाणीचा राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर, आणि शहराचे सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात झेंडूच्या माळा घालून. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. घरोघर तुळशीची रोपं वाटली. तुळशीवृंदावन नीट असलेलं घर आतूनही नीट असतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. आमच्या विंगमध्ये मात्र हा नियम दर वेळी लागू पडत नाही.

हे सगळं बाहेर दिसत होतं. आत काय चाललं होतं, ते वाचून मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलेस्टर फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. त्याच वेळी ॲनाबाई इथे भारतात तापाने अंथरुणाला खिळलेल्या. गेडिस यांनी बायकोला बातमी सांगितली नाही. मुलाची जुनी पत्रं वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये त्या गेल्या, मुलगा गेल्याचं न कळताच. इंदूरची दिवाळी त्यानंतरची आहे.

१९१९ मध्ये डंडी सोडून ते मुंबई विद्यापीठात आले. शिकवणं काही सोपं नव्हतं म्हणे. दाढीत पुटपुटायचे, मागच्या बाकांना ऐकू जायचं नाही, एका विषयातून दुसऱ्यात शिरायचे. पण मुलांना शहरात हिंडवायचे. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांनीच पुढच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवायला निवडले, आणि १९२४ मध्ये गेडिस गेल्यावर विभाग घुर्यांनी सांभाळला. मधल्या काळात त्यांनी जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र लिहिलं. जेरुसलेमसाठीही योजना केली, आणि १९२५ मध्ये तेल अवीवची. शेवटची वर्षं फ्रान्समध्ये माँपेलिएला काढली. तिथेही विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बाग. १९३२ मध्ये सर झाले आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला वारले. त्यांच्या भारतातल्या अहवालांपैकी बरेच कपाटांतच राहिले, हेही खरं.

आता आपलं. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. बिल्डरची ऑफर सगळ्यांनी वाचलीय : जादा कार्पेट एरिया, दोन लिफ्ट, पार्किंग, बांधकाम होईपर्यंत भाडं. मी सुरुवातीला हो म्हणणाऱ्यांत होते, यादीत माझी सही आहे. कारण उघड आहे. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर आणि दोन्ही गुडघे गेलेले. सी-विंगचे आजोबा गेल्या वर्षात फक्त दवाखान्यासाठी खाली उतरलेत, तेही खुर्चीवरून. अशांना सिमेंटच्या धुराची गोष्ट सांगणं मला जमणार नाही आणि जमू नये.

पण आपला स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्टही सगळ्यांनी एकदा वाचा, फक्त शेवटचं पान नव्हे. त्यात इमारत धोकादायक असं कुठेही म्हटलेलं नाही. बी-विंगच्या मागच्या बाजूचे काही खांब, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजचे पाइप, ही दुरुस्ती सांगितली आहे. तसं म्हटलं असतं तर मीच आधी बॅग भरली असती. मग मी एका ओळखीच्या इंजिनिअरना घेऊन तिन्ही विंगच्या मागे फिरले. जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून लोखंडी सांगाड्याची लिफ्ट बसवता येईल असं त्यांचं प्राथमिक मत आहे. ए आणि सी ला सरळ, बी ला मीटर रूम हलवावी लागेल. महापालिकेची परवानगी लागेल, दर सभासदामागे पैसे काढावे लागतील, जास्तीचा एरिया मिळणार नाही. मागचा शेवगा आणि दोन आंबे राहतील.

आकडे लिहून मी कमिटीकडे दिले आहेत, ऑफरच्या शेजारी तेही सभेपुढे ठेवा एवढंच मागितलंय. माझी सही मी अजून मागे घेतलेली नाही, सभा ऐकल्यावर ठरवीन. सभा तळमजल्यावर आहे. मला उतरायला वेळ लागतो, म्हणून कोणीतरी सी-विंगच्या आजोबांची खुर्ची आणताना माझ्याही दारावर टकटक करा.